शांघायची नदी, बॉक्सर तह आणि गाळाचं बिल

पाणकोंबडी

बॉक्सर बंडाविषयी, म्हणजे १९०० च्या सुमारास चीनमध्ये परकीयांविरुद्ध झालेल्या उठावाविषयी वाचतेय. ७ सप्टेंबर १९०१ ला चीनने परकीय सत्तांशी केलेल्या तहात एकूण बारा कलमं आहेत. बहुतेक कलमं अपेक्षितच: ४५ कोटी टेल (टेल म्हणजे चिनी वजनाचं माप) चांदीची खंडणी, ती ३९ वर्षांत फेडायची, दागूचे किल्ले पाडायचे, पेकिंगमध्ये वकिलातींच्या रक्षणाला परकी फौज राहणार, दोषी अधिकाऱ्यांना शिक्षा. आणि मग अकरावं कलम येतं. तियानजिनची हाय नदी आणि शांघायची ह्वांगपू नदी जहाजांसाठी सुधारायची म्हणे!

हरलेल्या देशाचं नाक घासून घेताना मध्येच नदीतला गाळ कुठून आला? या कामांनी चीनचंच भलं झालं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. पण नुसतं "साम्राज्यवाद" म्हणून मोकळं होणंही सोपंच. जाणकारांनी सांगावं, हे कलम आलं का, पैसे कुणी मोजले आणि नदी खरंच सुधारली का.

तिरकस

सोपं आहे ताई. दरोडेखोरांना दार अरुंद पडत होतं. त्यांनी ते रुंद करून घेतलं आणि सुताराचं बिल घरमालकाच्या नावे फाडलं.

शेवंती

वाचतेय. तिरकसरावांना +१, पण कुणीतरी नीटही सांगा.

खाडीवाला

का आलं तेवढं सांगतो. शांघाय समुद्रावर नाही, यांगत्सेवरही नाही. ते ह्वांगपूवर आहे, आणि ह्वांगपू वीसेक किलोमीटर पुढे वूसोंगला यांगत्सेच्या मुखात मिळते. १८४३ ला बंदर खुलं झालं तेव्हा शिडाची जहाजं यायची, त्यांना फार पाणी लागत नव्हतं. पुढे आगबोटी आल्या, सुएझ कालवा झाला, बोटी मोठ्या होत गेल्या आणि वूसोंगजवळ अडायला लागल्या. तिथे पाण्याखाली गाळाच्या आडव्या पट्ट्या होत्या, एक आतली आणि एक बाहेरची. मग मोठी बोट वूसोंगला नांगर टाकून उभी, आणि माल पडावांत उतरवून शहरात. जाताना पुन्हा तेच. पडावाचं भाडं, हमाली, चोरी, भिजलेला माल, वर भरतीची वाट बघत फुकट गेलेले दिवस.

व्यापाऱ्यांनी १८७६ मध्ये वूसोंगपासून शांघायपर्यंत रेल्वेसुद्धा टाकून पाहिली. चीनमधली ती पहिली रेल्वे. रस्ता बांधतो असं सांगून जागा घेतली होती, त्यावरून वाद पेटला, एक माणूस गाडीखाली गेला. शेवटी सरकारने पैसे देऊन रेल्वे विकत घेतली आणि १८७७ मध्ये उखडून टाकली.

म्हणजे १९०१ पर्यंत ही तक्रार पंचवीस-तीस वर्षं जुनी झाली होती. पेकिंग हातात आलंय, दरबार शिआनला पळालाय, तेव्हा जुनं गाऱ्हाणं तहात घुसवून घेतलं.

कोरडवाहू

खाडीवाला, एक गोष्ट राहिली. दरबाराला तो गाळ नकोसा नव्हता, हवाच होता. परक्या युद्धनौका शांघायला येऊ नयेत म्हणून देवाने घातलेलं कुंपण, अशी चिनी अधिकाऱ्यांची भूमिका सांगितली जाते. १८८४ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू असताना तर दगड भरलेल्या नावा वूसोंगला बुडवून वाट बंद करायची तयारी झाली होती. त्यामुळे "मागासलेल्या चिन्यांना बंदराचं महत्त्व कळत नव्हतं" हे जे छापील वाक्य असतं ते डोळे झाकून घेऊ नका. दोन अफू युद्धं पाहिलेल्या माणसाला खोल नदीची हौस का असेल?

तिरकस

कोरडवाहू, म्हणजे माझा दरवाजा अरुंद होता तो मुद्दामच ठेवलेला. धन्यवाद, बिल वाढवतो.

निवृत्त_अभियंता

काम कसं झालं ते मी लिहितो, राजकारण तुम्ही बघा.

यातला मुख्य माणूस योहानिस द रायके, डच. मोठी पदवी नाही, बांधाऱ्यांच्या कामातून वर आलेला. १८७३ ला जपानने त्याला बोलावलं आणि तो तिथे तीस वर्षं राहिला. नागोयाजवळच्या किसो, नागारा आणि इबी या तीन नद्या एकमेकींत घुसून पूर आणायच्या, त्या वेगळ्या करण्याची योजना त्याची. जपानमध्ये त्याचे पुतळे आहेत. जपानमध्येच असताना, १८७६ मध्ये, त्याने आणि त्याचा सहकारी एशर याने शांघायच्या व्यापारी मंडळाच्या सांगण्यावरून वूसोंगच्या गाळाची पाहणी करून अहवाल दिला होता. त्यावर काहीच झालं नाही. तीस वर्षांनी, १९०६ मध्ये, तोच माणूस ह्वांगपूचा मुख्य अभियंता म्हणून आला.

आता नदी. वूसोंगच्या वर गॉफ बेट नावाचं एक बेट होतं, त्याने नदीचे दोन फाटे केले होते. एकातून आगबोटी जात, दुसऱ्यातून चिनी शिडाच्या जंक. पाणी दोन्हीकडे वाटलं गेल्याने जोर कुठेच नाही आणि आतली पट्टी नेमकी आगबोटींच्या फाट्यात. कुणालाही वाटेल की आगबोटींचा फाटा उपसावा. द रायकेने उलट केलं. आगबोटींचा फाटा बांध घालून बंद करायला घेतला आणि जंकांचा फाटा मोठा करून सगळी नदी तिकडे वळवली. नवी वाट १९०९ मध्ये खुली झाली. तिला अ‍ॅस्ट्रिया हे नाव पडलं, त्यातून गेलेल्या ब्रिटिश क्रूझरवरून, म्हणजे युद्धनौकेवरून. (कोरडवाहू, तुमच्या कुंपणातून पहिली कोण गेली ते बघा.)

वूसोंगच्या तोंडाशी त्याने एक लांब वळणदार बांध यांगत्सेत नेला, म्हणजे ओहोटीचं पाणी पसरून न जाता एका ठरावीक रेषेत बाहेर पडेल आणि बाहेरच्या पट्टीचा गाळ स्वतःच रेटेल. हे बांध सिमेंटचे नव्हते. हॉलंडची जुनी पद्धत: लवचीक फांद्यांच्या मोळ्या एकमेकींत बांधून मोठ्या गाद्या विणायच्या, त्या तरंगत जागेवर न्यायच्या आणि वर दगड टाकून बुडवायच्या. खालचा चिखल सरकला तर गादीही वाकते, तुटत नाही. मऊ तळाच्या नदीत नुसता दगड टाकलात तर तो गिळला जातो.

शेवंती

काका, वेडा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा दरवर्षी गाळ उपसत का राहिले नाहीत?

निवृत्त_अभियंता

शेवंती, अजिबात वेडा नाही. त्या काळातल्या निम्म्या सभा याच प्रश्नावर झाल्या असतील.

ह्वांगपू वरून फार गाळ आणत नाही, ती ताय सरोवराच्या सपाट प्रदेशातून येते. तिच्यातला बराचसा गाळ यांगत्सेचा, भरतीबरोबर उलटा आत शिरणारा. उपसा केलात की तिथे खड्डा होतो, खड्ड्यात पाण्याचा वेग मंदावतो, आणि पुढच्या भरत्या तो खड्डा भरून टाकतात. वर्षानुवर्षं पैसा पाण्यात, शब्दशः. म्हणून आधी नदीचे काठ एका सलग रेषेत आणायचे, रुंदी खाली मुखाकडे हळूहळू वाढत जाईल अशी ठेवायची, आणि भरतीला जास्तीत जास्त पाणी आत येऊ द्यायचं. जेवढं आत येईल तेवढंच ओहोटीला बाहेर धावेल. ते धावतं पाणी म्हणजे फुकटचा मजूर. ड्रेजर (गाळ उपसणाऱ्या बोटी) वापरलेच, पण नदीला वळण लावायला.

यात एक पेच आहे. काठावरच्या जमीनमालकांना नदीत भराव टाकून जमीन वाढवायची हौस असते. प्रत्येक भरावाने नदीत मावणारं भरतीचं पाणी कमी होतं. त्यामुळे भराव कुठवर टाकता येईल याची रेषा नकाशावर आखावी लागली.

दादरकर_जुने

मुंबईचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून घेतो. वूसोंगला पडावांत उतरणारा माल कुठला होता? आधी अफू आणि कापूस, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या गिरण्यांचं सूत. मुंबईच्या गिरण्या तेव्हा मोठ्या प्रमाणात चीनसाठीच सूत काततात. ससून मंडळींची पेढी मुंबईत आणि शांघायमध्येही. जपानकडून हरल्यावर चीनने केलेल्या शिमोनोसेकीच्या तहानंतर, म्हणजे १८९५ पासून, परक्यांना चीनमध्येच कारखाने काढायची मुभा मिळाली, शांघायमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, जपानी सूतही आलं, आणि आपला बाजार हळूहळू गेला. म्हणजे ह्वांगपू खोल झाली तेव्हा मुंबईच्या सुताचे चांगले दिवस सरत आले होते.

मुंबईला नदीचा हा त्रास नव्हता. आपल्याकडे नैसर्गिक खोल बंदर, आणि दरवाजे लावून पाणी अडवणाऱ्या गोद्या: प्रिन्सेस डॉक १८८० चा, अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा. त्याच खोदकामाच्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी आहे. शांघायला बोटी नदीतच, धक्क्याला नाहीतर बोयाला बांधून.

आबा

आमच्याकडे खाड्यांत पूर्वी गलबतं थेट आत गावापर्यंत येत. आता ओहोटीला होडीसुद्धा चिखलात रुतते. कुणी तह करून आमची खाडी उपसून देईल काय?

तिरकस

आबा, आधी बंड करावं लागतं. मग हरावं लागतं. मग ४५ कोटी टेल द्यावे लागतात. ग्रामपंचायतीला विचारून सांगा. (हलके घ्या.)

पाणकोंबडी

अवांतर गोड आहे, पण बिलाचं राहिलं. निवृत्त_अभियंता काका, पैसे कुणाचे?

चिनीमाती

हे मी सांगते, कारण धाग्यातला सगळ्यात चविष्ट भाग हाच आहे आणि तिरकसांनी घाईत चुकीचा निकाल दिलाय.

१९०१ च्या तहात ठरलं होतं असं: वर्षाला ४,६०,००० टेल, वीस वर्षं. निम्मे चीन सरकारचे, निम्मे परक्या हितसंबंधीयांचे. आणि नदीचा कारभार पाहायला एक मंडळ, ज्यात बहुमत परक्यांचं. म्हणजे बिल अर्धं अर्धं होतं, पण चावी पाहुण्यांकडे. त्या मंडळाला काठाच्या जमिनीपासून गस्तीपर्यंत बरेच अधिकार मिळणार होते.

चिनी अधिकाऱ्यांनी वाटाघाटी लांबवल्या, आणि सप्टेंबर १९०५ मध्ये नवा करार केला. परक्यांचा अर्धा वाटा नको, आख्खे ४,६०,००० आम्हीच भरतो, पण काम आमच्या अखत्यारीत. शांघायचे ताओताय (तिथले चिनी प्रशासक) आणि कस्टम आयुक्त कारभार बघतील, अभियंता आम्ही नेमू. द रायके आला तो या व्यवस्थेखाली.

म्हणजे दुप्पट पैसे भरून नदी आपल्या नावावर ठेवली. चीनचा चिंग राजघराण्याचा दरबार कितीही पोखरलेला असो, हा सौदा मला मूर्खपणाचा वाटत नाही.

तिरकस

मान्य. घरमालकाने बिल पूर्ण भरलं आणि किल्ली परत घेतली. मग पुढे?

कोरडवाहू

पुढे तीच किल्ली पुन्हा अर्धी गेली, ते चिनीमाती सांगत नाहीयेत.

कस्टम आयुक्त म्हणजे कोण? चीनच्या कस्टम खात्याचा सर्वोच्च अधिकारी रॉबर्ट हार्ट, आयरिश, १८६३ पासून. बंदरांचे आयुक्त बहुतेक परकेच. "आमच्या अखत्यारीत" या शब्दांत किती चिनी आणि किती आयरिश ते तुम्हीच मोजा. शिवाय वीस वर्षांचा पैसा १९१० पर्यंत जवळपास खर्च झाला, काम अर्धवट थांबलं, द रायके मायदेशी गेला आणि १९१३ ला वारला. १९१२ ला राजेशाही गेल्यानंतर जो ह्वांगपू संवर्धन मंडळाचा करार झाला, त्यात परराष्ट्र खात्याचा स्थानिक आयुक्त, कस्टम आयुक्त आणि हार्बर मास्टर असे तिघे, आणि वर जहाजवाल्या देशांच्या प्रतिनिधींचं सल्लागार मंडळ. खर्च कस्टमच्या जकातीवर तीन टक्के अधिभार लावून, बिनजकाती मालावर हजारी दीड. म्हणजे शेवटी चहा, रेशीम, सूत, रॉकेल विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या खिशातून.

चिनीमाती

कोरडवाहू, तो अधिभार परक्या मालावरही होताच की. आणि मंडळ निदान कर्जात बुडालं नाही. जमिनीचं उत्पन्नही मिळालं, आखलेल्या रेषेच्या आत भरून निघालेली जमीन शेजारच्या मालकाला पैसे घेऊन देत.

कोरडवाहू

हो. माझं भांडण हिशेबाशी नाही, निवडीशी आहे. ज्या नदीतून बोटी जातात तिला कायमचा निधी, कायमचं मंडळ, स्वीडिश मुख्य अभियंता. ज्या नद्या माणसं बुडवतात त्यांना काय?

ह्वाय नदी घ्या. पिवळी नदी बाराव्या शतकात दक्षिणेकडे वळली आणि ह्वायचं मुख बळकावून बसली. १८५५ मध्ये ती पुन्हा उत्तरेला गेली, पण जाताना ह्वायचा समुद्राकडचा रस्ता गाळाने बुजवून गेली. तेव्हापासून ह्वायचं पाणी सखल भागात साचतं, पूर, दुष्काळ, पूर. चांग च्यान हा राजपरीक्षेत देशात पहिला आलेला विद्वान, नंतर नानतोंगचा गिरणीमालक, आयुष्यभर ह्वायसाठी योजना मांडत राहिला. अमेरिकी रेडक्रॉसने १९११ मध्ये अभियंता पाठवला, १९१४ मध्ये कर्जाची बोलणी पुढे सरकली, तेवढ्यात युरोपात महायुद्ध पेटलं आणि सगळं बारगळलं. १९३१ च्या पुरात यांगत्से आणि ह्वाय दोन्ही खोरी बुडाली. तो विसाव्या शतकातल्या सर्वांत भयंकर पुरांपैकी एक.

पाणकोंबडी, "चीनचं भलं" याचं उत्तर मला इथे दिसतं.

निवृत्त_अभियंता

कोरडवाहू, तुमचा मुद्दा रास्त. पण त्याच चांग च्याननी १९१५ मध्ये नानजिंगला जलअभियांत्रिकीची शाळा काढायला लावली, चीनमधली या विषयाची पहिली. जर्मनीत शिकलेले ली यीची तिथे शिकवायला होते, पुढे पिवळ्या नदीवर काम करणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी. परक्या अभियंत्यांना पगार देत बसण्यापेक्षा आपली माणसं तयार करू, हा विचार तेव्हाच सुरू झाला होता.

आणि एक धागा जुळवतो. नानतोंगचा यांगत्सेकाठ ढासळत होता. १९१६ मध्ये चांग च्याननी तिथे एका तरुण डच अभियंत्याला नेमलं: हेन्ड्रिक द रायके, योहानिसचा मुलगा. बापाच्याच पद्धतीने फांद्यांच्या गाद्या बुडवून नदीत आडवे बांध घातले, धार काठापासून दूर ढकलली. १९१९ मध्ये तो कॉलऱ्याने गेला, तिशीही गाठली नव्हती. नानतोंगलाच पुरला आहे. ती नदी गिऱ्हाइकांच्या बोटींसाठी नव्हे, काठावरच्या लोकांसाठी बांधली होती, एवढं कोरडवाहूंसाठी.

शेवंती

हे माहीत नव्हतं. काका, छान लिहिता.

खाडीवाला

आणि तियानजिनचं विसरलात सगळे. हाय नदीचं मंडळ बॉक्सर बंडाच्याही आधीचं, १८९७ चं. नदी इतकी वाकडीतिकडी आणि योंगदिंग नदीच्या गाळाने इतकी भरलेली की आगबोटी तियानजिनच्या धक्क्याला पोहोचेनाशा झाल्या होत्या. तिथे उपाय वेगळा, वळणं कापून टाकली. पुढच्या वीसेक वर्षांत अर्धा डझन ठिकाणी कापून पात्र पंचवीस किलोमीटरहून जास्त आखूड केलं. वाट आखूड झाली म्हणजे भरती आत लवकर आणि जास्त येते, पुन्हा तोच फुकटचा मजूर. शिवाय हिवाळ्यात नदी गोठायची, त्यासाठी पुढे बर्फफोड्या बोटी आणल्या. तरी १९१७ मध्ये तियानजिन पुरात बुडालंच, कारण वरच्या नद्यांकडे कुणी बघितलं नव्हतं. इथे मी कोरडवाहूंच्या पार्टीत.

चिनीमाती

शांघायला परत येऊन थोडं गॉसिप. द रायकेनंतर १९१० पासून १९२८ पर्यंत मुख्य अभियंता ह्युगो फॉन हायडेनस्टाम, स्वीडिश. बाहेरच्या बांधाचं आणि काठांचं अर्धवट काम त्याने पुरं केलं. त्याच्यानंतर हर्बर्ट चॅटली, इंग्रज. हा चॅटली भारी प्रकरण. राइट बंधूंच्या काळात विमानोड्डाणाच्या गणितावर लिहिलेलं, शांघायला गाळ मोजता मोजता प्राचीन चिनी खगोलशास्त्रावर लेख लिहायचा.

मंडळाने उपसलेला गाळ टाकून नदीत एक अख्खं बेट तयार केलं, आजचं फूशिंग बेट. तिथे मंडळाच्या कर्मचाऱ्यांचा क्लब आणि बाग होती. १९४९ च्या वसंतात कम्युनिस्टांपुढे हरत शांघाय सोडण्याआधी राष्ट्रवादी नेते च्यांग कायशेक त्याच बेटावर मुक्कामाला होते. सध्या ती सार्वजनिक बाग आहे, चेरी फुलते तेव्हा गर्दी असते.

तिरकस

१९०१ ला गाळ काढायला लावला, १९४९ ला त्याच गाळावरून पळून जावं लागलं. वसूल.

पाणकोंबडी

सगळ्यांचे आभार, धागा सुसाट गेला. माझा तिसरा प्रश्न अजून लटकतोय: नदी सुधारली का?

निवृत्त_अभियंता

ह्वांगपू सुधारली. वूसोंगच्या दोन्ही पट्ट्या १९२० च्या दशकात शांघायची मुख्य अडचण राहिल्या नव्हत्या. पण मोठ्या बोटींना आता अडवणारी जागा पुढे सरकली, खुद्द यांगत्सेच्या मुखाशी. तिथला पसारा ह्वांगपूच्या कित्येक पट, मैलोन्‌मैल उथळ पाणी, आणि गाद्या-बांध घालून आवरेल असा तो प्रकार नव्हता. १९२१ मध्ये ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, हॉलंड, जपान अशा देशांतल्या बड्या बंदर-अभियंत्यांना बोलावून समिती बसवली. शेवटी डॅन्झिगच्या 'शिखाउ' (Schichau) कंपनीच्या गोदीत 'च्येनश' नावाचा मोठा शोषक ड्रेजर बांधून घेतला. तो १९३५ च्या सुमारास आला, आणि १९३७ ला जपानशी युद्ध पेटून काम बंद.

चिनीमाती

चिनी प्रजासत्ताकाचे नेते सुन यात-सेन तर आधीच म्हणत होते की गाळामुळे शांघायला बंदर म्हणून भवितव्य नाही, त्यापेक्षा हांगचौ उपसागरात चाफूजवळ नवं मोठं बंदर बांधा. दुसरा पर्याय म्हणून ह्वांगपूसाठी पूडोंगमधून नवं पात्र खोदायची सूचनाही त्यांच्या आराखड्यात होती. लोकांनी तेव्हा स्वप्नरंजन म्हणून सोडून दिलं. २००५ मध्ये यांगशान बंदर सुरू झालं ते कुठे? हांगचौ उपसागराच्या तोंडाशी, बेटांवर, ३२ किलोमीटरच्या पुलाने जोडलेलं. आणि यांगत्सेच्या मुखाला लांबच लांब बांध घालून, उपसून साडेबारा मीटरची वाट केली ती १९९८ ते २०१० मध्ये.

पाणकोंबडी

म्हणजे बांध आणि उपसा दोन्ही, काकांच्याच सूत्राने, फक्त शंभर वर्षांनी आणि यांगत्सेवर. बिलाबाबत मी चिनीमातींच्या बाजूने येतेय. दुप्पट भरून अखत्यार घेतला नसता तर १९०१ चं परकी मंडळ शांघायच्या दोन्ही काठांवर आणखी एक वसाहत होऊन बसलं असतं. पण कोरडवाहूंचा ह्वायचा मुद्दा या उत्तरात बसत नाही.

कोरडवाहू

बसणारच नाही. ह्वायवर पहिलं मोठं पद्धतशीर काम १९५० च्या पुरानंतर सुरू झालं, तेही वेगळ्याच राजवटीत. त्याचं श्रेय-अपश्रेय इथे काढलं तर हा धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

तिरकस

मग नवा धागा काढा. ह्वाय तिकडे, हाय आणि ह्वांगपू इकडे, नाहीतर पुन्हा सगळं पाणी दोन फाट्यांत वाटलं जाईल आणि काका एक फाटा बंद करतील.

आबा

नव्या धाग्यात आमची खाडीपण घ्या.